सरांची घासाघीस

माझं जवळजवळ जमलेलं लग्न ज्या माणसाने मोडलं, त्याच माणसाकडून मी पुनर्वसन समुपदेशन शिकले. दोन्हींबद्दल मी त्यांची आभारी आहे, आणि दोन्हींबद्दल माझी आई अजून त्यांच्या नावाने बोटं मोडते.

तो माणूस म्हणजे आमचे सर. आदिलाबादला एका भाड्याच्या घरात अपंगांच्या पुनर्वसनाचं केंद्र होतं. कापसाच्या जिनिंगच्या यंत्रात हात गेलेले, ट्रॅक्टरखाली पाय गेलेले, दृष्टी गेलेले असे लोक तिथे येत. त्यांना काठी, कुबड्या, नकली पाय मिळत. आणि आता पुढे जगायचं कसं, काम कोणतं करायचं, यावर कुणीतरी त्यांच्याजवळ बसून बोले. हे जवळ बसून बोलणं शिकवायचा कोर्स सर चालवत. माझी पदवी झाली होती, नोकरी नव्हती, आणि स्थळ मिळेपर्यंत मुलीला कुठेतरी बसवायचं म्हणून घरच्यांनी मला तिथे बसवलं. "बोलायचाच कोर्स हाय ना? मंग आपली पोरगी पयली येते," असं आमचे बाबा किराण्याच्या गल्ल्यावरून गिऱ्हाइकांना सांगत.

सर पन्नाशीचे, ठेंगणे, शर्टाचं एक बटण हमखास चुकीच्या काजात. खांद्याला कायम नायलॉनची थैली. थैलीत भुईमुगाच्या शेंगा, सुतळी, पेचकस आणि एखादं जाडजूड इंग्रजी पुस्तक. पुस्तकाला वर्तमानपत्राचं कव्हर, त्यावर तेलाचे डाग. गाव सरहद्दीवरचं, म्हणून आमच्याशी बोलत ते आमच्याच बोलीत. तेलुगू मुलांशी तेलुगूत, आणि साहेब लोकांशी निजामाच्या काळातल्या दफ्तरी उर्दूत. खूश असले की मला 'पोरी' म्हणत. 'मॅडम' म्हणाले की समजायचं, आज आपली धडगत नाही.

पहिल्या दिवशी वर्गात आल्या आल्या त्यांनी सगळ्यांना एकेक पेरू दिला. पिवळाधमक, देठाला हिरवं पान. घरून घाईत, उपाशीच निघाले होते; मी लगेच दात लावला आणि दातांतून कळ डोक्यात गेली. पेरू लाकडाचा होता, निर्मलच्या खेळणीवाल्यांनी रंगवलेला. बेज्जूरहून आलेला राजन्ना शहाणा. त्याने हातात घेऊन आधी वजन पाहिलं, मग माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि पेरू गुपचूप टेबलावर ठेवला. सर म्हणाले, "मॅडम, समोर माणूस येऊन बसला का आदी त्याले समजून घ्या. दात मंग लावजा." माझी दाढ पुढे आठवडाभर ठणकत होती, पण धडा पक्का झाला.

त्यांच्या वर्गात 'बिचारा' या शब्दाला बंदी होती. 'बिचारी' आणि 'बिचारे' यांनाही. चुकून कुणाच्या तोंडून गेलाच, तर त्याने मधोमध उभं राहायचं आणि बाकी सगळ्यांनी त्याच्याभोवती फिरून, मान वाकडी करून, "अरेरे! अरेरे!" करायचं. कुणी त्याच्या डोक्यावरून हात फिरवायचा, कुणी उसासा टाकायचा. ऐकायला मजेचं वाटतं. उभं राहून पाहावं. पहिल्या मिनिटाला हसू येतं, दुसऱ्याला राग, आणि त्यानंतर आपल्यात खरंच काही खोट आहे असं वाटायला लागतं. तसं वाटलेलं तोंडावर दिसलं की सर टाळी वाजवून थांबवत. राजन्नाला ही शिक्षा झाली तेव्हा तो ताडमाड गडी रडायच्या बेताला आला होता. "सार, बस करो सार," म्हणाला. त्यानंतर तो शब्द आम्ही स्वप्नातसुद्धा टाळला.

ऐकून घेण्याचं प्रात्यक्षिक बसस्टँडवर होई. सर प्रत्येकाला ओंजळभर शेंगा देत आणि एकेका बाकावर सोडत. शेजारी येऊन बसेल त्याला शेंगा द्यायच्या आणि तो बोलेल ते ऐकायचं. सल्ला द्यायचा नाही. सल्ला दिला की उरलेल्या शेंगा सर येऊन काढून घेत. ते मागच्या बाकावर पेपर तोंडापुढे धरून बसलेले असत. माझ्या शेजारी एक आजोबा येऊन बसले. सून नीट वागत नाही म्हणाले. मी म्हटलं, "तुम्ही मुलाशी एकदा शांतपणे बोलून बघा ना." मागून हात आला आणि शेंगा गेल्या. आजोबा दचकले, मग सरांना म्हणाले, "बरं केलं बापा. ही पोरगी ऐकूनच नाई राह्यली, तवापासून सांगूनच राह्यली." माझे बाबा म्हणत होते ते खरं होतं, बोलण्यात मी पहिलीच होते. ऐकण्यात मी शेवटून पहिली आहे, हे कळायला मला ते बसस्टँड लागलं.

आता लग्नाचं सांगते. सरांच्या ओळखीच्या एका कापडवाल्याच्या घरी लग्न होतं. सरांनी आम्हा तिघाचौघांचे उजवे हात कोपरापासून बोटांपर्यंत पांढऱ्या पट्ट्यांत गुंडाळले, गळ्यात झोळ्या अडकवल्या आणि पंगतीला नेऊन बसवलं. कुणी विचारलं तर 'काम गेलं हाताचं' इतकंच म्हणायचं, डावीकडे उजवीकडे काय होतं ते पाहायचं आणि गप्प जेवायचं. लग्नाच्या पंगतीत डाव्या हाताने जेवणारी मुलगी म्हणजे काय, हे आमच्याकडच्यांना सांगायला नको. पलीकडच्या बाई ताट घेऊन सरकून बसल्या. दुसऱ्या एका काकूंनी मला न विचारता वरणात भात कालवला आणि घास माझ्या तोंडाशी आणला. मला वरणभात आवडत नाही. तोंड उघडावं लागलं. माझं नाव कुणी विचारलं नाही. सगळ्यांनी हाताचंच विचारलं. शेवटी एका जरीच्या पातळातल्या बाईंनी मात्र विचारलं, "कोनाची वो तू?" मी बाबांचं नाव सांगितलं. बाईंचा चेहरा एकदम पडला.

माझं जिथे जवळजवळ जमलं होतं, त्या मुलाच्या या आई. बोलणी झाली होती, पुढच्या आठवड्यात ते लोक मला पाहायला तेवढे यायचे होते. घरी निरोप आला, "पोरीच्या हाताचं तुमी लपवलं." बाबांनी हात धडधाकट असल्याची शपथ घेतली, तर पलीकडून उत्तर, "आमी सोता घास खाताना पायली." आईने जेवण सोडलं. तेव्हा सर स्वतः घरी आले, ओट्यावर बसले आणि आईला म्हणाले, "बाई, ते लोक एका पट्टीले भेले. उद्या तुमची पोरगी लगन होऊन तिथं गेली असती आन खरंच कुठं पडली असती, तं?" आईने त्यांना चहा दिला, पण साखर घातली नाही. सर तो घोट घोट करून पूर्ण प्यायले आणि "मस्त झाला," म्हणाले.

या सगळ्यावरून असं वाटेल की सर नुसत्याच खोड्या करत. तसं नव्हतं. थिअरीला ते फार कडक. माणसाला आहे तसं स्वीकारणं म्हणजे काय, त्याचंच म्हणणं त्याला आपल्या शब्दांत परत कसं द्यायचं, कामासाठीची त्याची क्षमता कशी तपासायची, घरच्यांशी कधी बोलायचं आणि कधी नाही, हे सगळं ते पुस्तकातून घोटून घेत. चुकलं की पुन्हा पहिल्या ओळीपासून. "पुस्तक पाठ करा," म्हणत, "आन गावात जाताना घरी ठेवा. पन घरी असलं पायजे."

अशातच जिल्ह्याचे चार तुकडे झाले. राज्य नवं झालेलं होतंच, आता जिल्हेही नवे झाले. लोक रात्री आदिलाबाद जिल्ह्यात झोपले आणि सकाळी निर्मलमध्ये नाहीतर आसिफाबादमध्ये उठले. दफ्तरांतून, म्हणजे सरकारी कचेऱ्यांतून, खुर्च्या, पंखे, टेबलं आणि माणसं यांची वाटणी सुरू झाली. आमच्या केंद्राचीही झाली. वरून एक साहेब आले. त्यांच्या हुकमात लिहिलं होतं की सामानाच्या खोलीतलं एक कपाट इथे राहील आणि एक आसिफाबादला जाईल. घोळ असा की एका कपाटात नकली पायांची डावी पावलं होती आणि दुसऱ्यात उजवी.

सर हात बांधून अदबीने उभे राहिले. "हुजूर," म्हणाले, "आसिफाबादवालों के सिर्फ सीधेच पाव टूटते क्या?" सीधे म्हणजे उजवे; जाणारं कपाट उजव्या पावलांचं होतं.

साहेबांनी कागद पुन्हा वाचला. "ऑर्डर में कपाट लिखा है. अंदर का कुछ नहीं लिखा."

"बजा फर्माया," म्हणजे अगदी बरोबर, असं सर म्हणाले. मग साहेब जेवायला गेल्यावर आम्ही सगळे आणि केंद्रातला अटेंडर जमिनीवर बसलो आणि पावलांच्या जोड्या लावून दोन्ही कपाटांत निम्मी निम्मी भरली. सरांनी मधेच एक पाऊल कानाला लावून "हॅलो, आसिफाबाद?" केलं, तेव्हा अटेंडर हसून हसून लोळला. संध्याकाळी कपाट ट्रकवर चढलं. हुकमाप्रमाणे एक कपाट गेलं, एक राहिलं. त्याच हुकमात खाली सरांचंही नाव होतं. थोड्याच दिवसांत त्यांनाही कपाटामागून आसिफाबादला जायचं होतं.

माझं अखेरचं प्रात्यक्षिक तेव्हाच आलं. सरूबाई तिचं नाव. भीमपूरकडची. ओढ्याकाठी थोडी जमीन, त्यात वांगी, मिरच्या, सांबार. सांबार म्हणजे आमच्याकडे कोथिंबीर. आठवडी बाजारात हातपंपाजवळची, कडुलिंबाच्या सावलीतली जागा तिची. तिच्या सासूपासून चालत आलेली. काचबिंदूने तिची दृष्टी हळूहळू गेली आणि मग पूर्णच गेली. मुलगा दत्ता तिला बाजारात जाऊ देईना. त्यात भीमपूर नवीन मंडल, म्हणजे तालुक्यासारखं ठिकाण, झालं. जुन्या बाजाराच्या मैदानात मंडलाचं दफ्तर येणार आणि बाजार शाळेमागच्या रानात हलणार असं ठरलं. पंचायतीने सांगितलं की हलायच्या दिवसापर्यंत जो आपल्या जागेवर बसतो आहे, त्यालाच नव्या बाजारात जागा आखून मिळेल. जो बसत नाही, त्याची जागा गेली. सरूबाईने जागा गमावली असती तर ती परत मिळणार नव्हती. आंधळ्या बाईला नवी जागा कोण देतो?

मी आपली योजना मांडली. आमच्याकडे दृष्टी गेलेल्यांसाठी तीन कामं ठरलेली असत: खडू करणं, फिनाईल करणं, मेणबत्त्या करणं. सरूबाईला मेणबत्त्यांचं प्रशिक्षण द्यावं असं मी वर्गात ऐटीत सांगितलं.

"काहो मॅडम," सर म्हणाले, "जिले दिवा लावला का इझला तेच दिसत नाई, तिले मेनबत्त्या करायले बसवता? तिले इचारलं काय तिले काय करायचं हाय?"

"तिच्या मुलाला विचारलं," मी म्हटलं.

सरांनी थैली उचलली आणि आम्ही दोघं बसने भीमपूरला गेलो.

दत्ताने बाजेवर बसवलं. माणूस वाईट नव्हता; आईच्या पायात काटा जाईल म्हणून अंगण दोनदा झाडणारा. सरांनी सरूबाईला विचारलं, "काय म्हंता बाई, तब्येत कशी हाय?" दत्ता म्हणाला, "बरी हाय तिची." सरांनी विचारलं, "जेवन जाते काय?" दत्ता म्हणाला, "जाते. भाकर खाते ती." असं बराच वेळ चाललं. सरूबाई भिंतीला टेकून, तोंड दाराकडे करून बसलेली. तेवढ्यात सूनबाई चहा घेऊन आली. सरांनी दत्ताला विचारलं, "दत्ताभाऊ, चहा घेता ना?" आणि माझ्या पायावर पाय दिला. माझी ट्यूब पेटली. मी म्हटलं, "त्यांना नको. त्यांना पित्त होतं."

दत्ता माझ्याकडे बघतच राहिला. सर म्हणाले, "बरं. मंग दत्ताभाऊ, औंदा कापूस कसा हाय तुमचा?"

"ठीक आहे त्यांचा," मी म्हटलं. "पण त्यांना कापसाचं फारसं समजत नाही."

"ओ बाई!" दत्ता उठून उभाच राहिला. "माह्यं तोंड नाई काय? मले इचारून राह्यले ना ते!"

भिंतीजवळून खुदखुद ऐकू आली. सरूबाई पदर तोंडाला लावून हसत होती. "आता समजलं का रे बुवा," ती म्हणाली, "सकायपासून मले कसं वाटते ते?" आणि मग कुणी न विचारता तिने सरांना सांगून टाकलं, "मले बजारात बसायचं हाय. माह्या जागेवर. बाकी काई नोको."

दत्ता म्हणाला, "लोक माह्या तोंडात शेन घालतीन साहेब. म्हनतीन, आंधयी माय बजारात बसवली पोरानं." त्याचे डोळे भरून आले होते. सरांनी त्याला सल्ला दिला नाही. थैलीतून शेंगा काढून त्याच्यापुढे ठेवल्या आणि त्याचं सगळं ऐकून घेतलं.

मग काम सुरू झालं. घरापासून बाजारापर्यंतचा रस्ता काठीने चालायला शिकवायचा होता. सरांनी आधी माझ्याच डोळ्यांना फडकं बांधलं आणि मला त्या रस्त्याने चालवलं. मी म्हशीच्या हौदात पडले. सगळी आळी हसली, दत्ता सगळ्यात जास्त हसला, आणि त्या दिवसापासून तो आमच्यात आला. सरूबाई कुठेच पडली नाही. वांगी डावीकडे, मिरच्या उजवीकडे, सांबार पुढ्यात ओल्या पोत्यावर, तराजू मांडीशी, अशी मांडणी तिने स्वतःच ठरवली. नोटा लांबीवरून ओळखायला मी शिकवलं, तेवढंच माझं.

बाजाराचा दिवस आला. दत्ताने टोपली उतरवून दिली आणि जाऊन लांब उभा राहिला. सरूबाई लिंबाखाली बसली. लोक आले. किती आले! ओळखीचे, बिनओळखीचे. कुणी वांगं निवडून घेतलं नाही. तिने तराजूत घातलं ते घेतलं. कुणी भाव केला नाही. ती म्हणाली तो दिला, सुटे पैसे परत घेतले नाहीत. एकाने मिरच्या न घेताच नोट हातात कोंबली आणि नमस्कार केला. दुपार व्हायच्या आत टोपली रिकामी. मी तर हवेतच होते. परतीच्या बसमध्ये माझं प्रात्यक्षिक यशस्वी झाल्याचं राजन्नाला फोन करून सांगितलं.

दोन दिवसांनी दत्ताचा निरोप आला. आई अंथरुणावर पडून आहे, पुन्हा बाजारात जाणार नाही म्हणते.

मी धावत गेले. पुस्तकात सांगितल्याप्रमाणे तिच्याजवळ बसले आणि तिचं म्हणणं तिला परत दिलं. "मावशी, तुम्हाला वाईट वाटतंय."

"हो."

"तुम्हाला फार वाईट वाटतंय."

"अवं, तेच तं मी सांगून राह्यली. तू मले तेच काऊन परत सांगतं?" मग ती उठून बसली. "एकानं बी भाव नाई केला पोरी. एकानं बी देठ नाई पायलं. त्यायनं मले भीक वाढली, वांगे वरून नेले. इतके वरसं मी बजारात बसली, लोकायनं मले चोरटी म्हटलं, कजाग म्हटलं. म्हनून तं मी बजारातली होती. आता अशी बसन्यापेक्षा नोको ते."

आमच्या बाजारात भाव न करता वस्तू घेणं म्हणजे विकणाऱ्याला माणसात न धरणं. हे मी लहानपणापासून दुकानात पाहत आले होते, बाबांशी तासन् तास घासाघीस करणारे लोकच त्यांचे जिवलग होते, आणि तरीही मला ते दिसलं नव्हतं. सगळ्या गावाने प्रेमाने तिला उठवून लावलं होतं.

सर ऐकून आले. येणारा बाजार हलायच्या आधीचा शेवटचा होता आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी सरांना आसिफाबादला हजर व्हायचं होतं. ते सरूबाईला म्हणाले, "बाई, एकच बजार बसा. त्यात कोनी भाव नाई केला, तं मी सोता दत्ताले सांगन, राहू दे मायले घरी."

"तुमी लोकायले शिकवून धाडसान."

"कोनालेच काई सांगनार नाई. देवाची आन," सरांनी कान पकडले, पण तिला ते दिसलं नाही म्हणून तिचा हात धरून आपल्या कानाला लावला.

बाहेर आल्यावर मी चिडले. सरांवर पहिल्यांदाच चिडले. "एका माणसाची जागा आपण पैजेवर लावली," मी म्हटलं. "बाजार झाला की तुम्ही निघून जाल, मी काय करू?" सरांचाही चेहरा उतरला होता, हे मला दिसलं.

बाजार भरला. सरूबाई बसली. पुन्हा तेच. लोक येत होते, मान वाकडी करत होते, सांगितला तो भाव देऊन जात होते. तिचा चेहरा दगडासारखा झाला होता. मी हातपंपाआड उभी होते. तेवढ्यात गर्दीतून थैलीवाला ठेंगणा माणूस आला आणि तिच्यापुढे उकिडवा बसला.

"हे वांगे हायत का गोट्या?" सर म्हणाले. "काय भाव?"

तिने भाव सांगितला.

"निम्म्यात दे. तेबी तुह्या तोंडाकडं पाहून. मागच्या बजारचे दिसतात."

आजूबाजूचे वळून पाहायला लागले. फेटेवाले एक म्हातारे पुढे झाले. "काहो, लाज नाई वाटत काय? त्या बिचारीशी..."

"बिचारी कोन रे?" सरूबाईचा आवाज हातपंपापर्यंत आला. "माह्या सौद्यात तोंड घालू नोको! सरक तिकडं!" आणि सरांकडे तोंड करून, "आन तुमी! मागच्या बजारचे? हात लावून पाहा, देठाचा काटा टोचते का नाई. मले दिसत नाई, तुमाले बी नाई दिसत काय? निम्म्यात वांगे पायजे तं रानात जा, डुकरं खातात तिथं फुकट हायत!"

"डुकरायनंच टाकून देल्ले दिसतात हे."

"तुमच्या घरी जेवून आले असतीन ते डुकरं!"

लोक जमले. सरांनी थोडं वाढवलं, तिने थोडंही उतरवलं नाही. सर उठले. "ठेव मंग तुह्याजवळ," म्हणाले आणि चालायला लागले. इथे विकणाऱ्याने हाक मारायची असते, पण कधी, ते गिऱ्हाइकाची पाठ पाहून ठरवायचं असतं. तिला पाठ कुठे दिसणार? ती मान तिरपी करून नुसती ऐकत होती. सर खरंच चालत गेले. मिरचीवाल्याच्या पलीकडे गेले. आता हे गेले, आणि हिची जागाही गेली.

"अबे ओ थैलीवाले!" सरूबाई ओरडली. "या, घ्या! मेली नाई मी अजून!"

सौदा मधे कुठेतरी पटला. सरांनी पैसे मोजून दिले, आणि जाता जाता सांबाराची एक जुडी उचलली. ओल्या पोत्यावरचा आवाज ऐकून तिने फाडकन त्यांच्या मनगटावर मारली. सगळे हसले. सर निघून गेले आणि दोन बाया खाली बसून वांगी उलटीपालटी करायला लागल्या.

"मावशी, त्यायले देल्ला त्याच भावात मले दे."

"तो भाव त्याच्यापाशी. तुले येगळा."

त्या दिवशी वांगी दिवस मावळेपर्यंत पुरली आणि सरूबाईचा आवाज बसला. दुसऱ्या दिवशी सर आसिफाबादला गेले. बाजार शाळेमागे हलला, आणि चुन्याने आखलेल्या रांगेत सरूबाईची जागा आली.

काही आठवड्यांनी मी तिकडे गेले. तिच्याशी खोटं वागू नये असं वाटत होतं, म्हणून गिऱ्हाईक कमी झाल्यावर सांगून टाकलं, "मावशी, त्या दिवशी वांगी घेणारे ते आमचे सर होते."

"मले काय सांगतं?" सरूबाई म्हणाली. "तोंड उघडल्याबरोबर ओयखलं मी. आंधयी झाली, बहिरी नाई झाली."

"मग राग नाही आला? ते मुद्दाम..."

"मलेबी तसंच वाटलं आदी. म्हटलं, हा नाटक करून राह्यला. पन नाटक करनारा मानूस शेवटी पुरा भाव देते पोरी. यानं नाई देल्ला. खरंच पाडला भाव, वरून सांबार बी चोरलं." तिने हाताने चाचपून वांगी नीट लावली. "मंग मी बी त्याच्या थैलीत दोन किडके घातले."

मी हसत सुटले. तिने काठीचं टोक माझ्या पायाला लावलं.

"काई घ्यायचं हाय काय तुले? नाई तं सरक बाजूले. मांग गिऱ्हाईक उभं हाय."